सादच्या वाट्याचं औषध

किल्लारीकडं भूकंप झाला, त्याच्या पुढच्या आठवड्यात जलीलभाईंनी अहमदपूरच्या बसस्टँडसमोरचं आपलं मेडिकल बंद केलं आणि थोरल्या मुलीला घेऊन लातूर गाठलं. कहकशां तेव्हा नांदेडला बी. फार्मसी करत होती. कॉलेजला सुट्टी दिली होती. लातुरात एका शाळेच्या हॉलमध्ये देशभरातून आणि परदेशातून आलेल्या औषधांचे ढीग पडले होते. कुणी मुदत संपलेली सिरपं पाठवली होती, कुणी अशा भाषेतल्या गोळ्या की वाचणारा सापडेना. बाहेर जखमी लोकांना साधं मलम मिळत नव्हतं आणि आत वजन उतरवण्याच्या गोळ्यांचं भलंमोठं खोकं येऊन पडलं होतं.

बाप-लेक जमिनीवर बसून ती औषधं निवडू लागले, जात्यावर बसण्याआधी बाया गहू निवडतात तसे. तिथं मुंबईहून आलेले आरोग्य खात्यातले एक अधिकारी होते, अण्णाराव नावाचे. मूळचे निलंग्याकडचे. दोन-तीन दिवस त्यांनी या मुलीचं काम पाहिलं आणि जायच्या आधी तिच्याजवळ येऊन म्हणाले, "सरकारात ये, पोरी. कुठलं औषध कुठं लागतं, कितीला मिळायला पाहिजे, हे कुणीतरी आधीच बसून ठरवायला पाहिजे. तिथं औषध कळणारं माणूसच न्हाई."

हे बोलणं कहकशांच्या मनात घर करून राहिलं. ती परीक्षा देऊन औषध निरीक्षक झाली, काही वर्षं नांदेडला काढली, मग मुंबईला मंत्रालयात गेली आणि तिथून दिल्लीला. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, "सादचं होऊ दे आधी."

साद तिचा धाकटा भाऊ. अम्मी, सुलतानबी, वारली तेव्हा तो धड चालतही नव्हता. त्याला न्हाऊमाखू घातलं ते कहकशांनं, आणि शाळेत पहिल्या दिवशी त्याच्या रडण्यासोबत रडलीही तीच. पोरगं हुशार निघालं. दहावीला तालुक्यात नाव झालं आणि जलीलभाईंनी त्याला लातूरला ठेवलं. त्या काळी लातूर म्हणजे डॉक्टर-इंजिनिअर घडवण्याचा कारखानाच झाला होता. ज्यांच्या घरांना भूकंपात तडे गेले होते त्यांनी ते बुजवून वर मजले चढवले, आणि एकेका खोलीत चार-चार खाटा टाकून पोरं ठेवली. पहाटेपासून गल्लीत पाठांतराचा गुंजारव चालायचा.

त्या गल्लीत सादचं अक्षर बिघडायला लागलं. आधी नुसतं वाकडं, मग पानावर कोंबडी चालून गेल्यासारखं. हातातून चहा सांडायचा. चाचणीत नंबर घसरत शेवटच्या रांगेत गेला. क्लासचे सर जलीलभाईंना म्हणाले, "पोरगं नाटक करून राहिलंय. अभ्यास झेपंना झाला की असं करतात." जलीलभाईंनी त्याला चार लोकांदेखत झापलं. साद गप्प राहिला. बोललाही असता, पण तोवर त्याची जीभही जड पडू लागली होती.

ईदला कहकशां घरी आली. साद जेवायला बसला होता. चमच्यातली डाळ तोंडापर्यंत पोचेना, सदऱ्यावर सांडत होती, आणि तो ती दुसऱ्या हातानं झाकत होता. दुसऱ्याच दिवशी ती त्याला घेऊन हैदराबादला गेली. तिथल्या डॉक्टरनं त्याच्या डोळ्यांत दिवा टाकून पाहिलं. बुबुळाभोवती तपकिरी कडं होतं. अन्नातलं तांबं शरीराबाहेर जात नव्हतं, ते यकृतात आणि मेंदूत साठत चाललं होतं. यावर एक कॅप्सूल होती, जुनी आणि स्वस्त. "रोज घ्यायची," डॉक्टर म्हणाले. "बरं वाटलं तरी. जन्मभर. हे औषध सुटलं तर माणूस सुटला समजा."

कॅप्सूलनं साद सावरला. हातांची थरथर थांबली. जीभ थोडी जड राहिली ती राहिलीच. डॉक्टरकीची वर्षं मात्र निघून गेली होती. तो अब्बांच्या दुकानात बसू लागला. कहकशांला त्याचं वाईट वाटायचं, त्याला मात्र नाही, निदान तसं दिसायचं नाही. "आपा," तो म्हणायचा, "डॉक्टर न्हाई झालो, पर डॉक्टरचं अक्षर वाचणारा तर झालो ना." त्याचं लग्न झालं, तूबा घरात आली. दुकान चांगलं चाललं. एसटीतून उतरलेली माणसं आधी त्याच्याकडं यायची, मग दवाखान्यात.

दिल्लीत कहकशां ज्या टेबलावर बसायची तिथं देशात कुठली औषधं स्वस्तच मिळाली पाहिजेत याची यादी ठरत होती. या कॅप्सूलचं नाव त्या यादीत तिनं घातलं. भावासाठी घातलंस असं कुणी म्हटलं असतं तरी ती नाही म्हणाली नसती.

पुढं एका मोठ्या औषध कंपनीनं तिला हैदराबादला बोलावलं. सरकारशी बोलणं, धोरण सांभाळणं, त्या सगळ्याची प्रमुख. सरकारात एकेक फाइल पुढं सरकायला जीव जायचा. औषध जिथं बनतं तिथंच जाऊन बसलं तर जास्त काही करता येईल, असं तिला मनापासून वाटलं. शिवाय हैदराबादहून घर जवळ. आणि सादची कॅप्सूल तीच कंपनी बनवत होती. साद प्रत्येक गिऱ्हाईकाला पाकिटावरचं कंपनीचं नाव दाखवून सांगायचा, "आमची आपा हाय इथं. लई मोठ्या खुर्चीवर."

तीन-चार वर्षं बरी गेली. मग परदेशातून येणारा कच्चा माल महागला. कॅप्सूलची किंमत सरकारी यादीनं बांधलेली, आणि रोगी देशभरात मोजकेच. कंपनीनं ती बंद करायचं काढलं. बैठकीत कहकशां उभी राहून बोलली. "हे बंद केलं तर माणसं मरतील. ही काही खोकल्याची गोळी नाही."

मालक वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "मॅडम, दिल्लीहून किंमत वाढवून आणा. आपण उद्या बनवू."

ती दिल्लीला गेली. आपल्याच जुन्या कचेरीत, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसली. समोरचा तरुण अधिकारी नम्रपणे म्हणाला, "यादी तर तुम्हीच केली होती, मॅडम. आता तुम्हीच सूट मागताय? लोक म्हणतील, कंपनीत गेल्या आणि भाषा बदलली." ती पुन्हा गेली, पुन्हा गेली. फाइल या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. इकडं कंपनीनं उत्पादन थांबवलं. तशी सूचना सरकारला द्यावी लागते, आणि ती तिच्याच खात्यातून जायची. खाली सही तिची.

शेवटच्या मालातून तिनं सादसाठी मोठं खोकं काढून अहमदपूरला पाठवलं आणि फोन केला. "दुसरी कुठली कंपनी सुरू करेपर्यंत हे पुरव. माझ्याकडंही आता नाहीत. यातली कुणाला देऊ नकोस, साद. ऐकतोस ना?"

"हाव, आपा," तो हसून म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात तूबाचा फोन आला. सादचे डोळे पिवळे पडले होते आणि पोट फुगलं होतं. गाडी करून त्याला देगलूरमार्गे हैदराबादला आणलं. कहकशांनं दवाखान्याच्या दारातच त्याला गाडीतून उतरवून घेतलं. डॉक्टर यकृत बदलण्याचं बोलू लागले, ती स्वतःचं द्यायला तयार झाली, तपासण्या सुरूही झाल्या.

दुपारी ती त्याच्या उशाशी बसली होती. "कॅप्सूल घेत होतास ना रे?"

"घेत होतो. आर्ध्या."

"अर्ध्या का? खोकं भरून पाठवलं होतं मी!"

"एक पोरगी येते, आपा. मुखेडकडची. लातूरला क्लासला हाय. तिचा हात..." त्यानं आपला हात चादरीवरून उचलून दाखवला. "माझ्यावानीच. पेन धरता येईना. तिची आई अंगणवाडीत हाय. लातूर, नांदेड, उदगीर, सगळी दुकानं फिरून माझ्याकडं आली. रडून राहिली होती. मी न्हाई कसं म्हणू?"

"मला सांगायचं होतंस, साद."

"तुझ्याकडं तर न्हाईच म्हणालीस ना." हे त्यानं अगदी सहज म्हटलं. त्यात बोल लावणं नव्हतं. "मला बरं वाटत होतं. वाटलं, थोडे दिवस आर्ध्यावर निघतील. तोवर आपा काहीतरी करंल."

ती त्याचा हात धरून बसली. तो पुन्हा थरथरायला लागला होता.

यकृत बदलण्याइतकाही वेळ त्याच्या शरीरानं दिला नाही. त्याला अहमदपूरला आणलं. आठवडी बाजाराचा दिवस असूनही बसस्टँडसमोरची दुकानं बंद होती. मातीला एवढी माणसं आली की जलीलभाईंना कुणाचे हात हातात घ्यावेत ते कळेना.

चार दिवसांनी ते कहकशांजवळ येऊन बसले. तिनं सही केली होती हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते तिला दोष द्यायला आलेच नव्हते. फक्त विचारायला आले होते. "बेटा, वो कॅप्सूल पूछते लोगां आरे दुकान पे. क्या बोलना उनकू? तेरी कंपनी कब शुरू करती?"

कहकशां उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

ती नोकरी सोडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिनं सोडली नाही. खुर्ची असली की दिल्लीत निदान आत तरी घेतात. यावेळी ती सूट मागायला गेली तेव्हा कुणी काय म्हणेल याची तिला फिकीर नव्हती. भावाचं नाव तिनं तिथं काढलं नाही, तिला ते काढवलंच नाही. शेवटी किंमत थोडी वाढली, आणि आपल्या कंपनीकडचं कॅप्सूलचं सगळं तंत्र तिनं एका लहान कंपनीला मिळवून दिलं. पहिला माल बाजारात आला त्या महिन्यात तिनं राजीनामा दिला आणि अहमदपूरला आली. वर्ष उलटून गेलं होतं.

दुकानात आता तूबा बसायची. कहकशांही तिच्यासोबत बसू लागली. एक दिवस मुखेडच्या गाडीतून मायलेकी उतरून आल्या. आईचं नाव पंचशीला, मुलीचं वर्षाराणी. मुलीच्या पाठीवर क्लासची सॅक होती. वैद्यकीयची परीक्षा ती पुन्हा देणार होती. सादनं दिलेला शेवटचा माल संपल्यावर काही महिने तिनं गावाकडच्या डॉक्टरांच्या दुसऱ्या, कमी जोराच्या औषधावर कसेबसे काढले होते.

"सादभाई न्हाईत का?" पंचशीलानं विचारलं.

तूबानं मान खाली घातली. कहकशांनं सांगितलं. पंचशीला काउंटरला धरून तशीच खाली बसली. "कशानं हो?"

"यकृताचा त्रास होता."

"देवमाणूस होते. आम्ही मागितलं तितकं दिलं. म्हणायचे, ताई, माझ्याकडं लई साठा हाय, तुम्ही काळजी करू नका." ती पदरानं डोळे पुसत होती. "होता ना हो तेवढा साठा?"

वर्षाराणी कहकशांच्या तोंडाकडं पाहत होती. तिचे हात काउंटरवर स्थिर होते.

"हाव," कहकशां म्हणाली. "लई होता."

तिनं कॅप्सूलची पाकिटं दिली, रोज घ्यायला बजावलं. मायलेकी पुन्हा गाडीकडं गेल्या. त्या दिसेनाशा होताच तूबा म्हणाली, "खरं का न्हाई सांगितलं?"

"तिला ती रोज गिळायची आहे, तूबा. सांगितलं तर गिळवेल का तिला?"

"मग माझ्या नवऱ्यानं काय केलं, ते कुणालाच कळायचं न्हाई का, आपा?" तूबाचा आवाज चढला, आणि मग फुटला. "तो आसाच गेला म्हणायचं? यकृताच्या त्रासानं?"

कहकशांनं तूबाला जवळ घ्यायला हात पुढं केला. तूबानं तो बाजूला सारला आणि ती आत निघून गेली. पायरीवर कुणीतरी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन उभं होतं. कहकशांनं ती हातात घेतली. अक्षर तिला लागेना.