भिंतीच्या अलीकडची पताका

मित्रांनो, मला आयुष्यात एकच पत्र आलं, आणि त्याचं उत्तर मी दिलं नाही. मी एक जुनी पिवळी पताका आहे. उत्तर लिहायला मला हात नाहीत. ही हकिगत तरी नीट सांगता येईल की नाही, याची मला शंकाच आहे.

पोहण्याच्या तलावावर, भिंतीच्या पाच मीटर अलीकडे, आडवी दोरी ताणून आम्हा तिकोनी पताकांची रांग लावतात. पाठीवर पोहणाऱ्या मुलांना भिंत दिसत नाही. त्यांना दिसते फक्त आमची रांग. ती डोक्यावरून गेली की मुलं पाण्यात मारलेले हात मोजू लागतात आणि ठरलेल्या हाताला, न बघता, भिंत गाठतात. एवढ्या वेगानं, पाठमोरं, एका फडक्याच्या भरवशावर! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी फडफडायचंच विसरले.

त्या मुलांत एक काडी होती. हडकुळी म्हणून सगळे तिला काडीच म्हणत. तिचे सहा हात ठरलेले. लांबलचक सुट्टी संपवून ती परतली आणि पहिल्याच दिवशी तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

"काय गं, भिंत फोडतेस की काय?" शेजारच्या लेनमधली मैत्रीण खिदळली.

काडी हसली नाही. तेव्हापासून माझ्याखालून गेली की ती मान वळवून मागे बघू लागली. तेवढ्यानं वेग मोडायचा. निवड स्पर्धा तोंडावर आलेली, आणि पाठीवरच्या शर्यतीसाठी संघात जागा एकच.

एका सकाळी माझ्या खांबाला चिठ्ठी चिकटवलेली होती. 'पिवळ्या पताके, भिंत आता लवकर येते. खरं सांग, तू सरकलीस का? – काडी.'

चिठ्ठी बाईंनी वाचली. बाई म्हणजे मुलांना शिकवणाऱ्या. त्यांनी काठावर मोजपट्टी पसरली. मी जागच्या जागी होते. मग त्यांनी काडीला बोलावलं.

"हात वर कर. अजून वर. हा पोशाख कधीचा गं?"

"मागच्या वर्षीचा. खांद्यात काचतो. आई म्हणते, चालेल अजून."

"आईला सांग, नाही चालणार. अगं वेडे, तू वाढलीयस. हात लांब झालेत तुझे. आता पाचच मोजायचे."

"आणि चुकलं तर?"

"तर टेंगूळ. एक आहेच, त्याला सोबत होईल."

चिठ्ठी बाईंनी पाकिटात जपून ठेवली. काडी रोज पाच हात घोकू लागली. स्पर्धा जवळ आली तसं बाईंनी मुलांचं पोहणं कमी केलं, अंगात ताकद साठावी म्हणून. काडी बिचारी काठावर बसून हवेतच हात मोजायची.

निवड स्पर्धा आमच्याच तलावावर झाली. शेवटच्या फेरीत काडी माझ्याखाली आली. तिचे डोळे सरळ माझ्यावर होते. एक, दोन, तीन... मान वळली नाही. पाचव्या हाताला बोटं भिंतीला लागली, सगळ्यांच्या आधी. मित्रांनो, एवढा विश्वास पेलायला मी फारच लहान फडकं आहे, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं.

पुढे उन्हानं माझा रंग गेला. नव्या पताका आल्या आणि मी अडगळीच्या खोलीत गेले. तक्रार नाही. विनंती मात्र आहे. आमची दोरी ढिली पडू देऊ नका. आणि सुट्टीवरून आलेल्या मुलांना रागावण्याआधी एकदा त्यांचे हात वर करून बघा.

परवा बाई त्या खोलीत आल्या असताना त्यांचा फोन वाजला. काडी आता मोठ्या अजिंक्यपद स्पर्धेच्या शिबिरात आहे, दूर.

"बाई, इथला तलाव केवढा आहे! पुन्हा मागे बघावंसं वाटतंय हो."

बाईंनी माझी धूळ झटकून मला दोरीवरून कापलं, माझ्या अंगावर शाईनं चार शब्द लिहिले आणि त्या जुन्या चिठ्ठीबरोबर पाकिटात घातलं.

'मी अजून सरकले नाही.'

काडीच्या पत्त्याचं पाकीट टपालपेटीत सुटलं. खाली तळ किती दूर आहे ते न बघता, मी पाठीवर पडले.