विरोधाचं एकच पत्र

“बाई राहू द्या,” आमदारसाहेब कागद पुन्हा वाचत म्हणाले. “तिच्यामुळे पत्रात जीव आलाय. फक्त विरोधाच्या जागी पाठिंबा करा.”

सहीवाले टेबलापलीकडे उभे होते. अर्थसंकल्पावर साहेबांनी कसं मत दिलं हे मतदारांना कळवणारं पत्र बावीस वर्षं तेच लिहीत आणि खाली साहेबांची सहीही तेच करत, म्हणून ऑफिसात हे नाव पडलेलं. खुद्द साहेबांची सही एकदा बँकेने जुळत नाही म्हणून परत पाठवली होती. यांची कधीच नाही.

मतदानाआधी दोन पत्रं तयार ठेवायची, एक पाठिंब्याचं, एक विरोधाचं, ही त्यांचीच शिस्त. शेवटच्या घंटेपर्यंत साहेबांचा नेम नसे. या खेपेला मात्र सहीवाल्यांनी एकच लिहिलं, विरोधाचं. गावातलं डायलिसिस केंद्र बंद करण्याची तरतूद अर्थसंकल्पात होती आणि सहीवाल्यांची बायको आठवड्यातून तीनदा तिथे चार-चार तास सुई टोचून घेऊन पडायची. विरोध करीन, असा साहेबांनी खांद्यावर हात ठेवून शब्द दिला होता. त्या हाताच्या भरवशावर सहीवाल्यांनी पत्रात तिलाच बसवलं, नाव न घालता: आठवड्यातून तीनदा केंद्रापर्यंत चालत जाणारी, येताना भाजी आणणारी एक भगिनी.

आणि आज साहेब एका समितीचे अध्यक्ष झाले होते. मत कुठे गेलं, ते विचारायची गरज नव्हती.

“पण साहेब, केंद्र नसलं तर ही बाई जाणार कुठे?”

“जिल्ह्याला, मोठ्या रुग्णालयात. आता अधिक चांगली सोय मिळेल, असं लिहा. आणि चेहरा उतरलाय तुमचा. हे झालं की दोन दिवस रजा घ्या.” रजेच्या बाबतीत साहेबांचा हात सढळ होता.

सहीवाल्यांनी लिहिलं. वाईट लिहायचं ठरवूनही जमेना. बावीस वर्षांची सवय, वाक्यं आपसूक गोड उतरली.

एरवी प्रत्येक पत्र छपाईआधी घरी जायचं. बायको पेन्सिल घेऊन चुका काढायची, वर टोमणेही मारायची. हे पत्र त्यांनी घरी नेलंच नाही. पण मतदारयादीत तीही होती, आणि यादी त्यांनी इतकी चोख ठेवलेली की एक पत्र चुकत नसे. छपाई रखडली. पोस्टमनने ते दारात टाकलं तेव्हा केंद्राला कुलूप लागून महिना झाला होता.

संध्याकाळी ते घरी आले तर ती पत्र पुढ्यात घेऊन बसलेली. जिल्ह्याची एसटी जायला अडीच तास, यायला अडीच. चेहऱ्यावर सूज होती.

“अहो, एक चूक राहिलीय,” ती म्हणाली. तिने ‘तीनदा’ खोडून वर ‘दोनदा’ लिहिलं होतं. “यापेक्षा जास्त खेपा नाही झेपत. बाकी सही सुरेख आलीय.”

पेन्सिल तिने चष्म्याच्या डबीत ठेवली. सुजलेल्या बोटांना डबी मिटेना. सहीवाल्यांनी ती मिटून दिली.