पंचांच्या खुर्चीनं पाहिलेला अंतिम सामना

मित्रांनो, कोल्हापुरातल्या एका टेनिस क्लबमध्ये, लाल मातीच्या कोर्टाच्या कडेला, जाळीच्या खांबाशेजारी माझी जागा आहे. मी पंचांची जुनी, उंच खुर्ची. माझ्यावर चढायला शिडीसारख्या पायऱ्या आहेत. वर बसलेल्या माणसाला दोन्ही बाजूंचं कोर्ट दिसतं.

बाळासो सुतारांनी मला सागवानातून घडवलं. त्यांना टेनिसचं काही ठाऊक नव्हतं. "एवढ्या वर बसून माणूस करणार काय?" त्यांनी विचारलं.

क्लबचे पंच तात्यासाहेब हसून म्हणाले, "शिव्या खाणार, बाळासो. बसाय तेवढं आरामशीर करा."

बाळासोंनी मग माझी पाठ जराशी कलती केली.

तात्यासाहेब शाळेत शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी पंच होत. वर चढण्याआधी रुमालानं माझी बैठक पुसत. ते दिवस आठवले की आजही बरं वाटतं. सकाळी कोर्टावर पाणी मारलं की मातीचा वास सुटायचा. चुन्याच्या पांढऱ्या रेषा उन्हात चमकायच्या. लोक सायकली लावून मॅच बघायला यायचे. फटका कुणाचाही असो, चांगला बसला की कुणीतरी मोठ्यानं म्हणायचं, "लई भारी!" सामना संपला की दोघं खेळाडू तात्यासाहेबांचा हात हातात घ्यायचे आणि सगळे मिळून चहाला जायचे.

संयोगिता याच कोर्टावर लहानाची मोठी झाली. जिल्ह्यात तिच्यासारखा फोरहँडचा फटका कुणाचाच नव्हता. एका वर्षी ती क्लबच्या खुल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत आली, तेव्हा तिच्या पेठेतली पोरं हलगी घेऊनच आली. समोर होती रुचिता, नृसिंहवाडीजवळच्या एका गावची. तिच्यासोबत फक्त तिची आई, चंदनाबाई, आली होती.

आमच्या गावाला फुटबॉलच्या मॅचला ओरडायची सवय. तोच आरडाओरडा त्या दिवशी कोर्टावर आला. रुचितानं सर्व्हिससाठी चेंडू उडवला की शिट्ट्या व्हायच्या. तिची सर्व्हिस चुकली की हलगी वाजायची. तात्यासाहेब पुन्हा पुन्हा म्हणत होते, "कृपया शांत राहा." पोरं त्यांचीच नक्कल करून हसत होती. संयोगितानं त्यांना थांबवलं नाही. तिला तो गोंगाट आवडत होता.

तरीही रुचिता खेळत राहिली. शेवटचा सेट तिच्या बाजूनं झुकला आणि तिला मॅच पॉइंट मिळाला; जिंकायला आता एकच गुण हवा होता. तिनं मारलेला चेंडू मागच्या रेषेजवळ पडला. संयोगिता पोचू शकली नाही. रेषेवरचा पंच ओरडला, "आऊट!" पण तात्यासाहेबांनी वरून हात केला. "चेंडू आत. सामना रुचिताचा."

संयोगितानं रॅकेट जमिनीवर आपटली. माझ्यासमोर येऊन ती ओरडली, "चोर हायसा तुम्ही! या खाली, खूण बघा!"

लाल मातीत चेंडूची खूण उमटते. ती पाहायला तात्यासाहेब उतरणार, एवढ्यात गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "गाववाली हाय म्हणून दिला पॉइंट!" तात्यासाहेबही मूळचे तिकडचेच, हे सगळ्यांना माहीत होतं. झालं! बाटल्या पडल्या, पोरं कोर्टात घुसली. काहीजण माझे पाय धरून मला गदागदा हलवू लागले. तात्यासाहेब वर होते. त्यांची टोपी खाली पडली. माझा एक सांधा कर्रकन वाजला. काहीजण चंदनाबाईंभोवती जमून हुर्यो करू लागले. रुचिता धावत गेली आणि आईला मिठी मारून उभी राहिली.

संयोगितानं ते पाहिलं. तिचा चेहरा उतरला. पोरांना ढकलत ती माझ्या पायरीवर चढली.

"गप बसा की समदी!" ती ओरडली. "सोडा ती खुर्ची!"

"तुझ्यासाठीच करतोय की आम्ही!" एकजण म्हणाला.

"माझ्यासाठी काय करू नगा. बॉल बाहेर होता असं मला अजून बी वाटतंय. पण पंचांनी दिलाय ना? मग मी हारलोय! ती पोरगी आपल्या गावात आलीया. पावणीशी असं वागत्यात व्हय?"

हलगी थांबली. पोरं हळूहळू बाजूला झाली. पण तोवर ती खूण पायांखाली पुसली गेली होती. मलाही तो चेंडू नीट दिसला नव्हता. तो आत होता की बाहेर, हे आता कुणालाच कळणार नाही.

बक्षीस समारंभात संयोगितानं जोरजोरात टाळ्या वाजवल्या. मग थोड्या लोकांनी वाजवल्या. रुचितानं कप घेतला, पण ती हसली नाही. मायलेकी लगेच निघून गेल्या.

लोक पांगल्यावर संयोगिता तात्यासाहेबांपाशी आली. "सर, मी तुम्हाला चोर म्हटलं."

"म्हटलंस. ऐकलं की मी."

"चुकलं माझं. पुढच्या वर्षी तुम्हीच बसा."

त्यांनी माझ्या ढिल्या झालेल्या सांध्यावरून हात फिरवला. "न्हाय गं पोरी. आजवर बॉलकडं बघायचो. आता माझं लक्ष लोकांकडंच जाणार."

ते पुन्हा माझ्यावर चढले नाहीत. दुसरे पंचही यायला तयार होईनात. स्पर्धा बंद पडली. मी ऊन-पावसात उभी राहिले. माझा रंग उडाला, बैठकीवर कबुतरं बसू लागली. रुचिता दुसऱ्या शहरांत खेळते, असं ऐकू यायचं. कोल्हापुरात ती पुन्हा आली नाही.

यंदा स्पर्धा पुन्हा सुरू झाली. माझा ढिला सांधा खिळ्यांनी पक्का केला गेला. पहिल्या सामन्याला पायऱ्या चढून वर आली ती संयोगिता. मधल्या वर्षांत ती पंचांची परीक्षा पास झाली होती.

दुसऱ्याच गेममध्ये तिनं एक चेंडू बाहेर दिला. एका खेळाडूचे वडील उठून ओरडले, "ओ बाई, डोळं हायत का न्हायत?" काही लोक हसले. संयोगितानं शांत आवाजात गुण पुकारले आणि खेळ पुढे सुरू झाला.

मित्रांनो, सामन्याला जाल तेव्हा घसा बसेपर्यंत ओरडा, आवडत्या खेळाडूसाठी नाचा. फक्त वर बसलेलं माणूस तुमच्यासारखंच आहे, एवढं विसरू नका. त्या टोमण्यानंतर गुण पुकारणारा संयोगिताचा शांत आवाज सगळ्यांनी ऐकला. तेव्हा तिनं मला किती घट्ट धरलं होतं, ते मात्र खालच्या कुणालाच दिसलं नाही.