कोलमावर ठिबकणारं पाणी

मद्रासहून अंबुजाच्या थोरल्या दिरांनी थंड हवेचं मशीन पाठवलं ते सासऱ्यांच्या जिवासाठी. वेंकटरावांचं हृदय कमजोर, आणि तंजावुरातला त्या वर्षीचा मे महिना धडधाकट माणसालाही सोसवेना. मशीन पुढच्या खोलीच्या खिडकीत बसलं. सासरे शांत झोपू लागले आणि अंबुजाच्या मागे एक काम वाढलं. त्या घरात वाढलेलं काम दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जातच नसे.

खिडकीखालच्या भिंतीवर तिच्या वडिलांनी रंगवलेला बाळकृष्ण होता. फळीवर कापड, त्यावर खडूचा लेप, वर सोन्याचा वर्ख. हात थरथरू लागण्याआधीचं त्यांचं शेवटचं चित्र. वडील गेल्यावर माहेरचं म्हणून तिच्याजवळ एवढंच उरलं होतं.

मशीनच्या मागच्या तोटीतून पाणी ठिबके, ते नेमकं उंबऱ्यापुढच्या कोलमावर. पहाटे तांदळाच्या पिठीने काढलेल्या रेषा घटकाभरात वाहून जात. सासूबाई चंद्रमती हबकल्याच.

"घरांत मनुष्य आजारी, आणि दारचा कोलम पुसतो? नक्को गं बाई!"

मग अंबुजाने तोड काढली. कोलम काढून झाला की ओट्यावर चढायचं आणि तोटीत कापडाचा बोळा कोंबायचा. ऊन चढलं, आल्यागेल्याने कोलम पाहिला, की बोळा काढायचा. वीस दिवस तिने हे न चुकता केलं. कंबर धरली, पण सांगणार कुणाला?

एकविसाव्या दिवशी सकाळीच सासऱ्यांना धाप लागली. डॉक्टर, औषध, काढा, मग विचारपूस करायला आलेल्यांची कॉफी. बाईला पाणी प्यायला सवड नव्हती, बोळा काढायची आठवण कुठून राहणार!

गर्दी पांगल्यावर, दिवेलागणीला ती पुढच्या खोलीत आली तेव्हा मशीनमधलं पाणी आतल्या बाजूने भिंतीवरून उतरत होतं. चित्राची फळी चिंब झाली होती. तिने घाईघाईने ते खाली घेतलं, तर लेप ओल्या पिठासारखा हाताला लागला. बाळकृष्णाचा चेहरा गेला होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री सुब्रमण्यम आला. फुगलेला बोळा अंबुजाच्याने निघाला नव्हता; त्याने तो ओढताच तुंबलेलं पाणी भळभळा बाहेर पडलं.

"हा कुणी घातला, अम्मा?"

"मीच," अंबुजा म्हणाली. चंद्रमती दाराशी उभ्या होत्या.

त्याने पिशवीतून हातभर रबरी नळी काढली, तोटीला बसवली आणि टोक केळीच्या आळ्यात सोडलं. पाच मिनिटांचं काम. "आधी निरोप धाडला असता, तर तेव्हाच लावली असती," तो सहज बोलला. अंबुजाला वाटलं, त्याने हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

पुढल्या पहाटे ती पिठीचा डबा शोधू लागली. डबा जागेवर नव्हता. बाहेर चंद्रमती एका हाताने गुडघा दाबत ओणवून कोलम काढत होत्या. दहा वर्षांत त्या वाकल्या नव्हत्या. रेषा वाकड्यातिकड्या आल्या होत्या.

"मी काढतें. तूं जा," मान वर न करता त्या म्हणाल्या. "तुझ्या अप्पाच्या चित्रापाशीं बैस जा थोडकीं."

अंबुजा आत जाऊन बसली. चित्रावरून हात फिरवला, तर तळहातावर सोन्याचा एक कण चिकटला. परवापासून आवरलेलं रडू तेव्हा आलं.