टाचेच्या दोन ठोक्यांनी

आईला वृद्धाश्रमात ठेवल्यावर घर विकायचं ठरलं, म्हणून मी आणि माझा थोरला भाऊ वेंडेल ते आवरायला गेलो होतो. दुपारपर्यंत हिमवादळाने रस्ता पार गाडून टाकला. नॉर्थ डकोटात हे काही नवीन नाही. अडकलो तर अडकलो. पण पोटात कावळे ओरडत होते, आणि घरात पाणीसुद्धा नव्हतं. नळ थंडीने फुटू नयेत म्हणून पाइप आधीच रिकामे करून ठेवले होते.

वेंडेलने फळीवरचं सगळं खाली काढलं. नूडल्स, ट्यूना माशाचे डबे, मश्रूम सूपचे डबे, मटार, बिस्किटं.

"मार्ली, ही तर आईची अख्खी हॉटडिश आहे!"

"दूध कुठंय?"

"पावडर आहे की. आई तरी कुठे ताजं घालायची? चिंगूस बाई."

"तोंडावर म्हण तिच्या, लाटणं घेऊन धावेल."

बर्फ वितळवून त्यात नूडल्स उकडल्या. मासा, सूप, मटार कालवलं, भांड्यात थापलं आणि वर बिस्किटांचा चुरा पसरला. ओव्हनमधून वास सुटला तसं स्वयंपाकघर पुन्हा आमचं वाटू लागलं. बाबा असताना गुरुवारी हेच असायचं. ते तळघरात काही ना काही ठोकत बसलेले असत. जेवण तयार झालं की आई हाक मारायची नाही, टाच जमिनीवर दोनदा आपटायची. मग खाली नळ सुरू व्हायचा, बाबा हात धुवायचे आणि जिना चढून यायचे.

वेंडेलने शेती करणार नाही म्हणून सांगितलं, त्या दिवसापासून बाबा त्याच्याशी मरेपर्यंत बोलले नाहीत.

भांडं टेबलावर ठेवताना वेंडेल हसला. "थांब, म्हाताऱ्याला बोलावतो." आणि त्याने टाच आपटली. दोनदा.

खाली नळ सुरू झाला.

मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. पाणी पत्र्याच्या बेसिनवर पडत होतं. अधूनमधून धार मोडत होती, हात चोळताना मोडते तशी. मग नळ बंद झाला.

"पाइपात राहिलं असेल थोडं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

पायरी करकरली. मग वरची. पावलं सावकाश वर आली आणि तळघराच्या दारामागे थांबली. दार काही उघडेना.

वेंडेलचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "बाबा," तो म्हणाला, "या ना. निवेल."

 दारामागे कोणीतरी श्वास घेत होतं, ते दोघांनाही ऐकू येत होतं.

मी त्याचा हात धरला, तो त्याने सोडवला आणि दार उघडलं. जिना रिकामा. तो खाली गेला आणि बऱ्याच वेळाने वर आला.

"साबण ओला आहे," एवढंच बोलला. मग तिसरी ताटली काढून वाढली आणि वरच्या पायरीवर ठेवली.

मी ताटलीला हात लावला नाही. तो मात्र पोटभर जेवला.

रस्ता मोकळा झाल्यावर मी निघाले. वेंडेल आलाच नाही. "माझ्यामुळेच ते वर आले नाहीत," म्हणाला. "अजून राग गेला नसेल." घर विकायचं त्याने रद्द केलं. आता तिथेच राहतो.

मी आईला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"वर आलं का ते?"

"दारापर्यंत. 'ते' काय म्हणतेस? बाबा होते."

"ऑर्विल जिना कधी सावकाश चढला का गं? धडाधडा यायचा, भुकेला." ती खिडकीबाहेर बघू लागली. "आपटल्यावर दर वेळी ऑर्विलच यायचा असं नाही. मी आधी दाराला कडी घालायची, आवाज ओळखायची, मग काढायची. वेंडेलला सांग, कडी घाल म्हणावं."

मी तिथूनच त्याला फोन लावला. तो खुशीत होता, ओव्हनमध्ये काहीतरी शिजत होतं.

"कडी?" तो हसला. "अगं, दारच काढून टाकलंय मी. त्यांना संकोच नको."