मागच्या भिंतीवरचं दार

तपासणीच्या मॅडमनी दहाची वेळ दिली होती. अडीच वाजले तरी त्यांचा पत्ता नव्हता आणि नाटकाचे पडदे रंगवणारीचा जीव टांगणीला लागला होता. तिचं दार दहाच्या उजेडाचं होतं.

दार म्हणजे हॉलच्या मागच्या भिंतीवर तिनं रंगवलेलं चित्र. तपकिरी फळ्या, पितळी कडी, कडीची सावली. सकाळी ऊन डावीकडच्या खिडकीतून येतं, म्हणून सावली उजवीकडे पाडलेली. आता ऊन उजव्या खिडकीत सरकलं होतं आणि सावली उन्हाच्याच दिशेला पडली होती.

हॉल मुळात सरकारी गोदाम. स्थानिक कलामंडळांसाठीच्या योजनेतून तीन वर्षांपूर्वी मिळाला. इथं नाटकाच्या तालमी चालत, तिची आत्या आपल्या बायकांना घेऊन गाणं बसवत असे. घरच्या दोन खोल्यांत अर्धा पडदासुद्धा उलगडत नसे, तो इथं पूर्ण पसरता येई. आज मुदत वाढणार होती, पण आग लागली तर बाहेर पडायला दुसरं दार असेल तरच. भिंत सरकारची, परवानगीशिवाय वीट काढायची नाही. परवानगीचा अर्ज सात महिने बांधकाम खात्यात पडून.

"दार मागतात ना? मग दार दाखवू," नाटक बसवणारे मास्तर म्हणाले होते. "फक्त गाणाऱ्या बायकांना सांगू नकोस. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही."

तिनं दोन दिवसांत दार काढलं. खोटं कशाला बोला, काढताना तिला मजाही आली होती.

मॅडम आल्या त्या फॉर्म हातात घेऊनच. पुढच्या टेबलापाशी बसून त्यांनी मान वर केली. "दुसरं दार?"

"ते काय, समोर," मास्तर म्हणाले.

मॅडमनी लांबूनच पाहिलं आणि 'आहे' लिहिलं.

"अगं बाई, बसवलं का दार!" गाणाऱ्या बायकांत बसलेली आत्या डोळे बारीक करून म्हणाली. तिला मोतीबिंदू होता. "गंगेत घोडं न्हालं म्हणायचं एकदाचं!"

"आत्या, तुम्ही सूर लावा," मास्तर घाईनं म्हणाले.

मॅडमनी पिशवीतून शिट्टी काढली. "आता शेवटचं. शिट्टी वाजली की एका मिनिटात हॉल रिकामा. निम्म्यांनी पुढून जायचं, निम्म्यांनी मागून."

मास्तरांचा चेहरा पडला. "मागची किल्ली जरा शोधावी लागेल..."

"आग काय किल्ली सापडेपर्यंत थांबणार आहे?"

"नाही, नाही. उघडंच असेल."

तिनं मास्तरांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

शिट्टी वाजली. बायका हसत उठल्या. सात जणी मागे वळल्या. आत्या सर्वांत पुढे, दोन्ही हात पुढे करून, मागून बाकीच्यांचा रेटा. गप्प राहिलं तर आत्या भिंतीवर आपटेल, मास्तर काहीतरी विनोद करतील, कदाचित निभावेलही. पण एखाद्या दिवशी खरंच धूर झाला, तर हेच हात याच भिंतीवर येतील.

"आत्या, थांब!" ती ओरडली. "ते दार नाही! मी काढलेलं चित्र आहे!"

आत्या थबकली, तरी एक तळहात भिंतीला लागलाच. मागच्या दोघी तिच्यावर आदळल्या.

मॅडम भिंतीपाशी गेल्या. कडीवरून बोट फिरवलं. "सावली उलटी आहे," त्या म्हणाल्या. "मघाशी काहीतरी खटकलं होतं."

तिनं अर्जांची फाइल त्यांच्या हातात दिली. सात महिन्यांत सात स्मरणपत्रं. मॅडमनी प्रत्येकावरची तारीख पाहिली, एक प्रत काढून घेतली. मग फॉर्मवरचं 'आहे' खोडून 'नाही' लिहिलं. "आजपासून हॉल बंद. किल्ली द्या."

मास्तर काहीतरी बोलायला गेले. तिनंच किल्ली पुढे केली.

जाता जाता मॅडमनी मोजपट्टी मागितली, चित्राची उंची-रुंदी मोजली आणि शेऱ्यात लिहिलं: दाराची जागा भिंतीवर आखलेली आहे, बांधकाम खात्यानं तिथंच भिंत फोडावी.

"फोडतील का?" तिनं विचारलं.

"मी लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "पुढचं मला माहीत नाही."

बाहेर पायरीवर आत्यानं तळहात पुढे केला. पूर्ण तपकिरी झाला होता. "मेले, वाळू तरी द्यायचं होतंस," ती म्हणाली.

तिनं रंग पुसायची टर्पेंटाइनची बाटली काढली आणि आत्याचा हात मांडीवर घेतला.