पाहुणीची खरवड

आमच्या घरात सकाळचं दूध मी करपवतो. बरीच वर्षं मी ‘दूध करपतं’ असं म्हणत असे. मग बायको एकदा म्हणाली, “ते आपणहून करपत नाही. कोणीतरी ते करपवतं.” तेव्हापासून मी जबाबदारी घेतो.

बायको रुग्णालयात परिचारिका आहे आणि पहाटपाळीसाठी सहाला घर सोडते. मागे उरतो मी, सात वर्षांची थोरली, चार वर्षांचा धाकटा आणि गॅसवर दूध. साडेसहाला पातेलं चढवायचं, मग मोजे शोधायचे, एक वेणी घालायची, ती वाकडी झाली म्हणून सोडायची, पावाला लोणी लावायचं, आणि पावणेसातला घरभर वास सुटला की ओट्याकडे धावायचं. त्यानंतर वरचं दूध गाळून घ्यायचं आणि बुडाला चिकटलेलं उलथन्याने खरवडून काढायचं. ही खरवड पाहुणी खात असे.

पाहुणी म्हणजे आमची मांजर. दोन वर्षांपूर्वी ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आली, तेव्हा बायको म्हणाली होती, “राहू दे दोन दिवस, पाहुणीच आहे.” नाव तेच पडलं. ती कपाटावर असो, खालच्या अंगणात असो की कुंपणाच्या भिंतीवर, पातेल्यात उलथनं फिरलं की दोन मिनिटांत ओट्याशी हजर. “तिला तुझ्या हातचंच आवडतं, बाबा,” असं थोरली म्हणायची. मला तो टोमणा वाटायचा, कारण मोठी माणसं तो टोमणा म्हणूनच मारतात.

एवढ्यावरून मी धांदरट माणूस आहे असं कोणाला वाटेल, म्हणून सांगतो: मी धंद्याने अतिशय काटेकोर आहे. घरगुती भांडी आणि उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत मी माहितीपुस्तिका लिहितो. मिक्सरच्या खोक्यात तळाशी जी पातळ पुस्तिका असते आणि जी कोणी वाचत नाही, ती माझी. बारा वर्षं झाली. आमच्या साहेबांचा नियम साधा आहे: ग्राहकाच्या उपयोगाचं तेवढंच ठेवायचं, बाकी खोडायचं. खोडण्यात माझा हात धरणारा आमच्या खात्यात दुसरा नाही.

तर कंपनीने दुहेरी बुडाचं, शिट्टीचं दुधाचं भांडं काढलं. बाहेरच्या पोटात पाणी भरायचं, आतल्यात दूध. पाणी उकळलं की शिट्टी होते. ‘दुधाला आच थेट लागत नाही, त्यामुळे ते बुडाला धरत नाही’ हे पान तीनवरचं वाक्य माझं आहे. पुस्तिका लिहून झाल्यावर एक भांडं मला भेट मिळालं. सोमवारी सकाळी मी ते चढवलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतःची पुस्तिका समोर धरून वागलो. शिट्टी झाली. दूध पांढरंशुभ्र. मंगळवारी तसंच, बुधवारी तसंच. बुधवारी कामावरून आल्यावर बायकोने चहा घेतला आणि कप खाली ठेवला.

“आज चहाला वास नाही.”

“कसला?”

“तोच. आपल्या घरचा.”

हे कौतुक समजून मी जुनं पातेलं बाल्कनीत नेऊन ठेवलं. तिने त्यात कपड्यांचे चिमटे टाकले.

गुरुवारी शाळेतून आल्यावर थोरली म्हणाली, “बाबा, पाहुणी कालपासून नाहीये.”

“फिरायला गेली असेल.”

“फिरायला जाते ती. पण मग परत येते. जाणं आणि येणं मिळून तिचं फिरणं असतं.”

संध्याकाळपर्यंत पाहुणी आली नाही. थोरलीने पलंगाखाली, धुण्याच्या टोपलीत आणि धाकट्याच्या दप्तरात पाहिलं. मग वही आणि पेन घेऊन माझ्यासमोर बसली. तिच्या बापाचा धंदा तिला ठाऊक होता. खोक्यातल्या पुस्तिका दाखवून ती मैत्रिणींना सांगायची की हे माझ्या बाबाने लिहिलंय आणि यात एकही चूक नसते.

“आपण कागद लावू. मी सांगते, तू लिही.”

तिने सांगितलं, मी लिहून घेतलं: पाहुणी राखाडी आहे. तिचा उजवा कान थोडासा नाहीये. ती पंख्याला घाबरते, मिक्सरला नाही. तिला धाकट्याच्या मोज्यांवर झोपायला आवडतं. खरवडण्याचा आवाज आला की ती कुठूनही येते. तिला हाक मारली तर ती बघत नाही, पण तिला कळतं.

मग मी काम सुरू केलं. पंखा गेला, मोजे गेले, हाक गेली. कानाशी मी थोडा थांबलो. पण ‘थोडासा’ हे काही माप नाही, आणि माप घ्यायला कान जागेवर नव्हता. तोही गेला.

“खरवडीचं का खोडलंस?”

“बाळा, वाचणाऱ्याला त्याचा काय उपयोग? तो काय पातेलं घेऊन रस्त्याने फिरणार आहे?”

उरलं ते असं: हरवली आहे. मांजर (मादी). रंग राखाडी. आकार मध्यम. डोळे पिवळे. आढळल्यास खालील क्रमांकावर कळवावे.

थोरलीने ते दोनदा वाचलं. “पण मग ही कुठलीही मांजर आहे,” ती म्हणाली.

हेच जर साहेबांनी म्हटलं असतं तर मी वहीत टिपून घेतलं असतं. मी दहा प्रती काढल्या. जिन्यात, वाण्याकडे, शाळेच्या फाटकावर, समोरच्या इमारतीच्या दाराशी अशा आम्ही त्या चिकटवल्या.

आमच्या खाली तळमजल्यावर एक शिंपीकाका राहतात. निवृत्त आहेत, पण शिलाई मशीन अजून खिडकीशी आहे आणि रस्त्यावरून काय जातं ते त्यांच्या नजरेतून सुटत नाही. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात अडवलं.

“अहो पुस्तिकावाले, तुमची मांजर आली.”

“आली? कुठे आहे?”

“माझ्या खुर्चीवर. राखाडी, मध्यम, पिवळे डोळे. अगदी तुमच्या कागदाबरहुकूम. फक्त बोका निघाला.”

शनिवारी सकाळी एक शिक्षिका पिशवीत मांजर घेऊन आल्या. तिच्या गळ्यात दुसऱ्याच कोणाचा पट्टा होता. दुपारी वाण्याच्या बायकोने दोन आणल्या आणि म्हणाली, “यातली कुठली ती घ्या.” संध्याकाळी एका गृहस्थांचा फोन आला की मांजर नाही, पण आमच्याकडे एक राखाडी ससा आहे, डोळे पिवळे नाहीत, चालेल का. शिंपीकाका मला म्हणाले, “माप न घेता कपडा बेतला की असंच होतं. सगळ्यांच्या अंगात शिरतो आणि कोणालाच बसत नाही.”

प्रत्येक वेळी थोरली जिना उतरून धावत जायची आणि चालत वर यायची. शनिवारी रात्री जेवताना बटाट्याच्या रश्श्यात ती नुसता चमचा फिरवत होती.

“तू लिहिलंस तशा सगळ्या येतायत,” ती म्हणाली. “तीच येत नाहीये.”

मी म्हटलं, उद्या येईल.

“बाबा, तुझी पुस्तिका वाचून लोकांना मिक्सर लावता येतो ना?”

“येतो की.”

“नक्की?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. ती फार समजूतदार आहे. अशा वेळी ती आमटी वाढते. मांजर जाणं वेगळं. मांजर माझ्या लिहिण्यामुळे सापडत नाही हे पोरीला कळणं वेगळं.

रविवारी बायकोला सुट्टी होती. शिट्टी झाली, मी धाकट्याच्या पेल्यात दूध ओतलं. त्याने पेल्यात वाकून पाहिलं, मग भांड्यात.

“खरवड कुठाय?”

“आता खरवड होत नाही रे. नवीन भांडं आहे ना.”

“मग पाहुणी काय खाणार?”

थोरलीने चमचा खाली ठेवला. बायको बाल्कनीत गेली, चिमटे टोपलीत ओतले आणि ते काळ्या बुडाचं पातेलं माझ्यासमोर आणून ठेवलं.

“घे. कर तुझ्या हातचं.”

मी दूध चढवलं आणि शेजारी उभा राहिलो. ते तापलं, वर आलं, आणि माझा हात आपोआप गॅसकडे गेला. आच कमी झाली, दूध बसलं. पुन्हा मोठी केली, पुन्हा तेच. इतक्या वर्षांत एकदाही वेळेवर न पोचलेला माझा हात त्या दिवशी सैनिकासारखा जागच्या जागी होता.

“तू उभा आहेस तोवर नाही करपणार,” बायको दाराला टेकून म्हणाली. “तुझं रोजचं चालू दे.”

“रोजचं म्हणजे काय?”

“हेच. इकडेतिकडे.”

मी मोजे शोधायला गेलो. दोन्ही पहिल्याच खणात, एकमेकांत गुंडाळलेले सापडले. वेणी घालायला बसलो, तर ती पहिल्या फटक्यात सरळ आली. परत येऊन पाहिलं, दुधावर नुसती साय.

तेवढ्यात थोरलीने वहीचा एक कागद पुढे केला. तिने स्वतः नवी जाहिरात लिहिली होती. पंखा, मोजे, कान, खरवड, सगळं परत आलं होतं.

“वाच. पण काही खोडू नकोस.”

मी वचन दिलं आणि वाचू लागलो. खोडलं काहीच नाही. पण ‘उजवा कान’ इथे अडलो. कोणाचा उजवा? मांजरीच्या बाजूने की बघणाऱ्याच्या? समोरून पाहिलं तर तो डावीकडे दिसणार. ओव्हनच्या पुस्तिकेत याच एका मुद्द्यावर आम्ही तीन दिवस घालवले होते. ‘मांजर आपल्याकडे तोंड करून बसली असता’ असं सुरुवातीला घालावं का? पण ती तोंड करून बसेलच असं कोणी सांगितलं? आणि कान पंख्याच्या आधी यायला हवा. रस्त्यावर पंखा नसतो, कान असतो. मी पेन्सिल मागितली.

“झालं,” बायको म्हणाली. तिच्या आवाजात मी बऱ्याच दिवसांत न ऐकलेलं समाधान होतं.

घरभर वास सुटला होता.

पातेलं घेऊन मी खिडकीशी गेलो आणि खरवडू लागलो. खर्र, खर्र. सगळे श्वास धरून उभे. कुंपणाच्या भिंतीवर कोणी नाही, अंगणात कोणी नाही. मी थांबलो. आवाज थांबला नाही.

समोरच्या इमारतीत, बोळापलीकडच्या आमच्यासारख्याच पहिल्या मजल्याच्या खिडकीत, गंजीफ्रॉक घातलेला एक माणूस पातेलं खरवडत होता. दोन आठवड्यांपूर्वी राहायला आलेला क्लॅरिनेटवाला. रोज सकाळी त्याचा सराव आम्हाला ऐकू येई. त्याच्या खिडकीच्या कट्ट्यावर, आमच्याकडे पाठ करून, पाहुणी खात बसली होती. तिचा उजवा कान थोडासा नव्हता. पाठ असल्यामुळे तो तिच्या बाजूनेही उजवा होता आणि आमच्याही.

“काका,” थोरलीने हाक मारली, “ती आमची पाहुणी आहे.”

“ही?” तो म्हणाला. “मी हिला शेजारीण म्हणतो. बुधवारपासून येते. वाजवायला बसलो की माझं दूध बुडाला लागतं, ते हिला चालतं.”

“आम्ही तुमच्या दाराशी कागद लावलाय.”

“वाचला ना. पण त्यात कानाचं काही नव्हतं. म्हटलं, दुसरी असेल कुठली. असा कान असता तर कोणीतरी लिहिला नसता का?”

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मोजमाप घेतल्यासारखं. मी पातेल्यात पाहिलं.

“काका, तुम्ही जरा खरवडायचं थांबता का?”

त्या भल्या माणसाने उलथनं बाजूला ठेवलं. मी खरवडायला लागलो. पाहुणीने मान वळवून एकदा पाहिलं आणि परत खाऊ लागली.

“थांबू नकोस, बाबा,” थोरली हळूच म्हणाली. तिने माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं.

पातेल्याचं बूड दिसू लागलं तरी मी खरवडत होतो. पाहुणीने समोरचं सगळं संपवलं, पंजा चाटला, दुसरा चाटला. मग छज्ज्यावर उतरली, तिथून भिंतीवर, भिंतीवरून आमच्या पाइपला वळसा घालून खिडकीत आली. काही घडलंच नाही अशा थाटात तिने पातेल्यात तोंड घातलं. थोरलीने तिला उचललं नाही. आधी वाकून कान तपासला.

“आहे,” ती म्हणाली. “म्हणजे, नाहीये. तीच आहे.” आणि मग ती ओट्याखाली बसून रडली, आणि धाकटा तिला मोजा आणून देत राहिला.

आता पावणेसातला पाहुणी आमच्याकडे असते आणि साडेसातला क्लॅरिनेटवाल्याकडे. चिमटे शिट्टीच्या भांड्यात राहतात. दोन पोटं असल्यामुळे त्यांचे दोन रंग वेगळे ठेवता येतात. दूध चढवलं की मला दुसरं काहीतरी करत बसावं लागतं, आणि ते मला उत्तम जमतं.

भांड्याच्या पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली तेव्हा पान तीनवर मी एक ओळ वाढवली: ‘या भांड्यात खरवड होत नाही, घरात मांजर असल्यास जुने पातेले ठेवावे.’ साहेबांनी ती खोडली. बाजूला लिहिलं, ‘ग्राहकाला उपयोग नाही.’ तो कागद मी घरी आणून थोरलीला दाखवला. तिने खोडलेली ओळ बोट ठेवून वाचली आणि माझ्या साहेबांना सांभाळून घेत म्हणाली,

“त्यांच्याकडे मांजर नसेल.”